महाड, पोलादपूर आणि मधे मी

भादवा लागला की महाडच्या हवेला ओल्या चामड्याचा वास येतो. हे माझ्याखेरीज कुणालाही पटत नाही. कुणी म्हणतं तो चिखलाचा वास, कुणी म्हणतं सावित्री नदीनं काठावर टाकलेल्या गाळाचा. असेल. पण मला विचाराल तर तो शिवलेल्या, पाणी पिऊन फुगलेल्या फुटबॉलचाच वास आहे, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

आज सकाळीही तो आला. रात्रभर पडून पाऊस दमला होता. समोरच्या डोंगरावर ढग अर्ध्यावर बसले होते, आणि खाली मैदानात पोरं उतरली होती. त्यांचा बॉल रंगीत, चकचकीत. पाणी पीतच नाही. आमचा प्यायचा. खेळ अर्ध्यावर आला की तो फणसाएवढा जड व्हायचा, आणि डोक्यानं मारला की कपाळावर वादीची शिवण उमटायची. संध्याकाळी बाजारातून चालणाऱ्या पोराचं कपाळ पाहून लोक ओळखत, हा मास्तरांच्या टीममधला.

मी गॅलरीत उभा राहून आपोआप बोलू लागतो. चेंडू उजवीकडे गेला आहे. लाल सदऱ्याचा मुलगा घसरला, उठला. आतून सुमती, माझी बायको, म्हणते, "पुरे झालं. कोण ऐकतंय?" मी म्हणतो, "मी ऐकतोय ना." आयुष्यभर बोलून पोट भरलेल्या माणसाला एवढा माज शोभतो, असं माझं मत आहे.

पण बोलणं हा माझा मूळ धंदा नव्हता. माझा धंदा ओरडण्याचा होता.

मी महाडला आलो तो कवायतीचा मास्तर म्हणून. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लेझीम बसवा. पंधरा ऑगस्टला शोभा येते." मी लेझीम बसवलं. शोभाही आली. पण मुंबईत कॉलेजात असताना मी पावसाळाभर चिखलात फुटबॉल खेळलो होतो, आणि इथे तर शाळेमागे नदीपर्यंत पसरलेलं मैदान जूनपासून मोकळं पडलेलं. ते पाहून माझे पाय शिवशिवायचे. बॉल मात्र अख्ख्या तालुक्यात नव्हता.

तो इस्माईलनं आणला. इस्माईल तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होता. उंच, सडपातळ, कान बाहेर आलेले. त्याचा चाचा बोटीवर कामाला होता. चाचानं एडनहून त्याच्यासाठी एक फुटबॉल आणला, तो चपटा करून पेटीत घालून. इस्माईल तो काखोटीला मारून माझ्याकडे आला.

"सर, ह्यात हवा कुठून भरायची ते कळत नाय."

आम्ही सायकलच्या दुकानात गेलो. आतल्या ब्लॅडरची नळी पंपाला जोडली, आणि तो तपकिरी गोळा हळूहळू अंग धरू लागला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी झाली. शेवटी वादी आवळून मी तो जमिनीवर आपटला. तो उसळला आणि समोरच्या भुसाऱ्याच्या तुरीत जाऊन पडला. महाडमधला तो पहिला गोल, असं मी पुढे अनेक वर्षं सांगत आलो.

मी पोरांना शिकवलं ते सगळं तोंडानं. काठावर उभा राहून मी सतत ओरडत असे. "दे. सोड. मागे बघ. इस्माईल, डावीकडे! डावीकडे मोकळं आहे!" माझा आवाज मोठा, खर्जातला, नदीपलीकडे भात लावणाऱ्या बायकांनाही तो ऐकू जायचा आणि त्या माझी नक्कल करायच्या. "डावीकडं गो, डावीकडं!" असं एकमेकींना सांगत रोपं खोचायच्या. पोरांना हळूहळू माझ्या आवाजाची इतकी सवय झाली की ती डोळ्यांपेक्षा कानांनी खेळू लागली. मला ते अभिमानाचं वाटायचं. माझ्या हातात अकरा पोरं आहेत आणि मी ती दोऱ्यांनी हलवतोय, असं वाटायचं.

आठवड्याचे सहा दिवस मी महाडचा असे. रविवारी पोलादपूरचा. कारण सुमती पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिला दवाखान्यामागे दोन खोल्या मिळाल्या होत्या. शनिवारी शाळा सुटली की मी एसटी धरायचो. पावसाळ्यातला तो रस्ता मला अजून तोंडपाठ आहे. एका अंगाला तांबडी, फुगलेली सावित्री, दुसऱ्या अंगाला डोंगरावरून उतरलेले पांढरे ओहोळ. गाडीच्या टपातून पाणी गळायचं आणि माणसं आतमध्ये छत्र्या उघडून बसायची. गंमत म्हणजे नदी पोलादपूरहून महाडला यायची आणि मी महाडहून पोलादपूरला जायचो. वाटेत आमची दर शनिवारी भेट होते, असं मी सुमतीला म्हणायचो. ती म्हणायची, "नदी निदान रविवारी जेवायला वेळेवर पोचते."

ती रागवायची त्याला कारण होतं. पोलादपूरला उतरल्यावर मी घरी जायच्या आधी माळावर जात असे. तिथली पोरं मला गाठून म्हणाली होती, "मास्तर, म्हाडच्यांना शिकवताव, आमी काय केलं?" खरंच, काय केलं होतं त्यांनी? मी महाडचाच जुना, ठिगळ लावलेला एक बॉल तिकडे नेला आणि पोलादपूरची टीम उभी केली. एक गाव चढाई शिकलं, दुसरं बचाव. महाडची पोरं बाजारपेठेतली, चपळ, बोलकी. पोलादपूरची डोंगरातली, चढ उतरून उतरून पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या, आणि बोलायला महाग.

पांडू त्यातलाच. तो उमरठचा. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका भाताच्या हंगामाच्या अखेरीला, पेंढ्याच्या उडवीवर उभा असताना. खालून दोघंजण पेंढे भिरकावत होते आणि हा वर पाय रोवून एकेक पेंढा झेलत होता. उजवीकडून आलेला, डावीकडून आलेला, डोक्यावरून जाऊ पाहणारा. एकही सुटत नव्हता. मी खालून विचारलं, "बॉल झेलशील का?" त्यानं थोडा विचार केला. "बॉलला काय, हातच लावायचा ना?" असं म्हणून तो उडवीवरून खाली उतरला तो सरळ माझ्या गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

त्याची आई भागाबाई. नवरा गेल्यापासून शेत तीच बघायची. तिची फुटबॉलबद्दल एकच तक्रार होती. "मास्तर, पोरगा भिजून येतो वो. भिजला का त्याची छाती भरते." मी म्हणायचो, "मावशी, पावसात भिजणार नाही तर काय?" ती काही बोलायची नाही, पण माळाच्या कडेला घोंगडीची खोळ घेऊन बसून राहायची आणि खेळ संपला की ती पांडूच्या डोक्यावर टाकायची. तिला खेळातलं काही कळत नसे. कळावं असं तिला वाटतही नसे.

ज्या भादव्याबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी महाडच्या व्यापाऱ्यांनी एक ढाल ठेवली. गणपती बुडाले की आसपासच्या टीमना बोलवायचं आणि सामने घ्यायचे असं ठरलं. पुढाकार अण्णाशेटांचा. त्यांची भाताची गिरणी होती, आणि बोलताना मागे गिरणी चालू असल्यासारखे ते मोठ्यानं बोलत. टीम आल्या, चिखलात लोळल्या, हरून गेल्या. महाड जिंकत गेलं. पोलादपूरही जिंकत गेलं. इस्माईल आता मॅट्रिक होऊन बापाच्या ट्रकच्या धंद्यात बसला होता, पण ढालीसाठी तो गाड्या सोडून मैदानावर यायचा. दर सामन्याला मला आनंद व्हायचा आणि दर सामन्यानंतर मी उरलेल्या टीम बोटांवर मोजायचो. कारण पुढे काय होणार ते दिसत होतं. शेवटचा सामना महाड आणि पोलादपूर यांच्यात आला.

दुसऱ्या दिवशी अण्णाशेटांच्या गिरणीत दोन्हीकडची माणसं जमली. भाताच्या कोंड्याचा गरम वास, पोत्यांवर बसलेली मंडळी, आणि मधे मी.

"मास्तर आमचे," इस्माईल म्हणाला. "पगार महाडच्या शाळेचा खातात."

"आन बायको कुटं हाय त्यांची?" पोलादपूरहून आलेला एकजण म्हणाला. "घर जितं तितला मानूस."

"मास्तर पोलादपूरकडे बसले तर आमचं सगळं गुपित त्यांना कळणार."

"आन तुमच्याकडं बसले तर आमचं नाय कळनार?"

दोघांचंही बरोबर होतं. इस्माईलचा कोणता पाय दुबळा आहे हे मला माहीत होतं. पांडू गोल सोडून किती पुढे येतो आणि कधी येतो हेही माहीत होतं. पोलादपूरचा उजवा बॅक चेंडू पुढे गेला की त्याच्यामागे धावत सुटतो आणि त्याची जागा उघडी पडते, यासाठी तर मी दर रविवारी त्याच्यावर घसा फोडला होता. माझ्या डोक्यात दोन्ही टीमची कुलुपं होती आणि दोन्हीच्या किल्ल्या.

पांडू कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मास्तरांनी घरी बसावं."

इतकं लागेल असं मला कुणी बोललं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला खरंच तो एकच न्यायाचा मार्ग दिसत होता.

तेव्हा अण्णाशेट म्हणाले, "घरी कशाला? कर्णा आणलाय, माईक आणलाय, त्याच्यावर बोलायला माणूस नको? त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बायका बसणार, पुढे माणसांची भिंत उभी राहणार, त्यांना काय दिसणार? मास्तर सांगतील. बसवा त्यांना मांडवात. ना ह्यांच्या बाजूला, ना त्यांच्या."

सगळे हसले, आणि ठरून गेलं. मी मात्र हसलो नाही. माईक माझ्या हातात, कर्णा मैदानाकडे तोंड करून, आणि बावीसच्या बावीस पोरं माझ्या आवाजावर वाढलेली. मी एक शब्द वावगा बोललो तर सामना तिथेच निकालात निघणार होता.

रविवारी दुपारी अळूची भाजी वाढताना सुमतीनं विचारलं, "तुम्हाला गप्प राहता येईल?"

"गप्प कसा राहीन? मला बोलायलाच बसवलंय."

"तेच विचारतेय. बोलूनसुद्धा गप्प राहता येईल का?"

ती शांतपणे ताक ओतत होती. दवाखान्यात तिला रोज तेच करावं लागायचं हे मला त्या क्षणी कळलं. पेशंटच्या उशाशी बसून बोलत राहायचं, धीर द्यायचा, आणि जे सांगायचं नाही ते सांगायचं नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून ऊन-पावसाचा खेळ चालला होता. पोलादपूरहून ट्रक भरभरून माणसं आली. त्यातला एक ट्रक इस्माईलच्याच बापाचा होता आणि तो चालवत आणणारा ड्रायव्हर पोलादपूरकडून ओरडायला उभा राहिला. मैदानाच्या कडेनं तेरडा फुलला होता, तो माणसांनी तुडवला. व्हरांड्यात बायका दाटीवाटीनं बसल्या. भागाबाई खोळ मांडीवर घेऊन अगदी कडेला. मी मांडवात टेबलापाशी बसलो. कर्णा बांबूवर बांधलेला. त्यातून आधी खरखर आली, मग माझा खोकला, आणि सगळं मैदान हसलं.

शिट्टी वाजली. चेंडू इस्माईलकडे आला. आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, कर्ण्यातून गर्जना बाहेर पडली, "दे, दे, सोड!"

इस्माईलनं सोडला. अर्थातच सोडला. पोलादपूरच्या बाजूनं आरडाओरडा झाला. रेफरी खेळ थांबवून मांडवाकडे चालत आले आणि टेबलावर हात टेकून म्हणाले, "मास्तर, शिकवणी बंद. नाहीतर वायर काढायला सांगतो."

मी मान हलवली. सगळं गाव पाहत होतं. आणि तेवढ्या वेळात, रेफरी परत मैदानात पोचेपर्यंतच्या वेळात, मी स्वतःशी एक नियम ठरवला. जे झालं आहे ते सांगायचं. जे व्हायला हवं ते नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. माझं सगळं आयुष्य पुढच्या क्षणात गेलं होतं. पोराच्या पायात चेंडू यायच्या आधी तो कुठे जायला हवा ते मी ओरडून मोकळा व्हायचो. आता मला चेंडूच्या मागून चालायचं होतं. पहिली काही मिनिटं मी अडखळलो. "चेंडू महाडकडे. आता पोलादपूरकडे. पुन्हा महाडकडे." व्हरांड्यातून एक बाई ओरडली, "आवो, पन हाय कुटं तो?" मग मी जागा सांगू लागलो. नदीकडची बाजू, शाळेकडची बाजू, वडाकडचा गोल. मग माणसं सांगू लागलो. कोण धावतोय, कोण धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा आहे, कुणाच्या सदऱ्याची बाही फाटून लोंबतेय. मग चेंडूचा आवाज सांगू लागलो, कारण कोरड्या जागेवरचा फटका आणि चिखलातला फटका वेगळा वाजतो. बघता बघता माझ्या तोंडाला एक चाल लागली. चेंडू धावला की वाक्यं आखूड, चेंडू थांबला की लांब. व्हरांड्यात शांतता पसरली. ती ऐकणाऱ्यांची शांतता होती. वर्गात अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती, आणि खरं सांगतो, ती मला फार आवडली. मी पाठ ताठ केली, माईक जवळ ओढला आणि बोलत सुटलो.

मधेच सर आली. कुणीही हललं नाही. पांडूनं इस्माईलचे दोन फटके अडवले. मी ते दोन्ही सांगितले, आणि दोन्ही वेळा माझा आवाज सारखाच चढला याची काळजी घेतली.

खेळ संपत आला तरी गोल झाला नव्हता. आणि तेव्हा ते घडलं. चेंडू मैदानाच्या मधोमध इस्माईलच्या पायात आला. पोलादपूरचा उजवा बॅक, माझा तो लाडका अपराधी, पुन्हा एकदा आपली जागा सोडून पुढे धावला होता. इस्माईलच्या डावीकडे गोलपर्यंत सगळी वाट उघडी होती. हिरवी, ओली, मोकळी वाट. मला मांडवातून ती स्वच्छ दिसत होती. इस्माईलला, समोर दोन पोरं आडवी असल्यामुळे, दिसत नव्हती. एक शब्द. "डावीकडे." हजार वेळा मी तो ओरडलो होतो. नदीपलीकडच्या बायकांनाही तो पाठ होता.

इस्माईलनं चेंडूवर पाय ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनी त्याला पाहताना पाहिलं. ओरडा थांबला. गोलमधून पांडूही माझ्याकडे बघत होता. माझी जीभ टाळूला लागली होती, शब्दाचं पहिलं अक्षर तिथे तयार होतं. मी ते गिळलं.

"चेंडू इस्माईलच्या पायाखाली," मी म्हणालो. "इस्माईल थांबला आहे. इस्माईल मांडवाकडे बघतो आहे."

व्हरांड्यात हशा पिकला. इस्माईलनं मान वळवली आणि चेंडू उजवीकडे ढकलला. तिथे पोलादपूरची पोरं उभीच होती. त्यांनी तो उचलला, नदीकडच्या बाजूनं पळवला आणि वडाकडच्या गोलमध्ये घातला. मी तो गोल सांगितला. पळणाऱ्याचं नाव, मारणाऱ्याचं नाव, गोलच्या जाळीऐवजी बांधलेल्या, कोळ्याच्या मासे धरायच्या जुन्या पागेत चेंडू कसा अडकला ते. माझा आवाज फाटला नाही. थोड्या वेळानं शिट्टी वाजली. ढाल पोलादपूरला गेली.

पोलादपूरवाल्यांनी पांडूला उचललं, मग माझ्याकडे धावले. मी त्यांना हातानं थांबवलं. मला आधी इस्माईलकडे जायचं होतं. तो नदीच्या काठावर पाय धूत बसला होता. मी शेजारी बसलो. त्यानं दुसराही पाय धुऊन घेतला.

मग म्हणाला, "तुम्हाला दिसलं होतं ना सर? डावीकडचं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाय?"

"ते अजून झालं नव्हतं, इस्माईल."

त्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. त्याच्या कपाळावर शिवणीचा व्रण ताजा होता. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मलाच बघायला हवं होतं."

"हो."

"तुम्ही तसं कधी शिकवलं नाय."

तो हे चिडून म्हणाला नाही. हिशोबाचं उत्तर सापडल्यासारखा म्हणाला. मग उठला, हात पुढे केला आणि मला ओढून उभं केलं. पुढे त्यानं महाडची टीम हातात घेतली आणि ट्रकचा धंदा सांभाळून पंधरावीस वर्षं पोरं घडवली. तो काठावर हाताची घडी घालून गप्प उभा राहायचा. त्याची पोरं माझ्या पोरांपेक्षा चांगली खेळायची. हे मी मोकळेपणानं सांगतो, कारण त्याला घडवण्यात माझाही हात होताच.

मांडवात परत आलो तर एक चष्मेवाले गृहस्थ वायर गुंडाळणाऱ्या माणसाशी बोलत उभे होते. ते मुंबईच्या रेडिओ केंद्रातले. डोंगरातल्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायला वर निघाले होते, पण घाटात दरड आल्यामुळे महाडला अडकून पडले होते. वेळ जात नाही म्हणून मैदानाकडे आले, तर पुढे माणसांची भिंत.

"मी सामना पाहिलाच नाही," ते म्हणाले. "मैदानाकडे पाठ करून चहा पीत बसलो होतो. तरी मला सांगता येईल की तुमचा तो सेंटर फॉरवर्ड उजव्या पायानं खेळतो आणि गोलकीपर सहसा हसत नाही. मुंबईला या. तुमचा आवाज ऐकू द्या आमच्या लोकांना."

मी गेलो. एका बंद खोलीत, भिंतींना कापड लावलेल्या, समोर मैदान नसताना, मला एक सामना डोळ्यांसमोर आणून सांगायला लावला. मी हाच सांगितला. दिवाळीनंतर बोलावणं आलं, सामना असेल तेव्हा मुंबईला येऊन बोलायचं.

महाडात काही दिवस कुरबुर झाली. मास्तरांनी बायकोच्या गावाला जिंकवलं, असं चहाच्या दुकानात म्हणत. पोलादपूरवाले म्हणत, मास्तर मनातून आमचेच. दोघांनाही मी तेच सांगत असे, की मी त्या दिवशी कुणाचाच नव्हतो आणि इतका मोकळा मी आधी कधी नव्हतो. कोचिंग मी सोडलं. चुकल्यासारखं वाटलं का? वाटलं. पहिल्या वर्षी मैदानावरून जाताना माझे हात आपोआप तोंडापाशी जायचे. पण माणसाला आपलं काम सापडलं की कळतं. सायकलच्या पंपानं हवा भरताना तो बॉल जसा अंग धरत गेला होता, तसं मला आतून भरत गेल्यासारखं वाटायचं.

पांडू त्याच सुमाराला मुंबईला गिरणीत लागला. गिरणीची टीम होती, तिला गोलकीपर हवा होता. पुढच्या पावसाळ्यात त्या टीमचा सामना रेडिओवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोलादपूरला पंचायतीच्या रेडिओभोवती सगळं गाव जमलं, सुमतीनं भागाबाईला उमरठहून बोलावून घेतलं आणि अगदी पुढे बसवलं. पांडू त्या दिवशी झाडासारखा उभा राहिला. मी त्याचा एकेक झेल असा सांगितला की शेजारी बसलेला इंजिनिअर माझ्याकडे वळून वळून बघत होता.

रविवारी मी पोलादपूरला उतरलो तो छाती काढून. लोक भेटायला आले, पाठ थोपटून गेले. भागाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. "काय मावशी, ऐकलंत ना?"

"ऐकलं. समदं ऐकलं. पांडूनं कुठं उडी मारली, कुठं पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या." ती थांबली. पदराशी चाळा करत राहिली. "येक इचारू, मास्तर?"

"विचारा की."

"पाऊस होता का वो तिकडं? त्ये नाय सांगितलंत. भिजला तं नाय ना पोरगा?"

चेंडू कुठे होता ते मी सगळ्या मुलखाला सांगितलं होतं. डोक्यावर आभाळ कसलं होतं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आठवून पाहिलं. पांढरं, स्वच्छ ऊन होतं. पांडूनं डोळ्यांवर हात धरला होता.

"नाही मावशी," मी म्हणालो. "कडक ऊन होतं. अजिबात भिजला नाही."

तिचा सगळा चेहरा सैल झाला. तिनं मोठा श्वास सोडला आणि उठून घरची वाट धरली. तो सामना तिच्यापुरता तेव्हा संपला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना होता. समोरचा लाल दिवा लागला. दोन्ही टीम मैदानात उतरत होत्या. इंजिनिअरनं बोट हलवलं. मी आधी मान वर करून आभाळ पाहिलं, मग माईक जवळ घेतला.

"नमस्कार. मुंबईत आज पाऊस नाही. मैदान कोरडं आहे, आणि पोरंही कोरडी आहेत."